सगळे आले का?

"सगळे आले का?"

हा प्रश्न मी त्या माणसाच्या तोंडून इतक्या वेळा ऐकला आहे, की आजही एखाद्या लग्नात पंगत बसताना कुणी सहज विचारलं तरी माझं डोकं फिरतं. वाढलेलं ताट सोडून उठावंसं वाटतं.

श्रीरामपुरात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका खताच्या दुकानाच्या माडीवर मी कॉम्प्युटर क्लास चालवायचे. सर तिथे शिकवायचे. त्या काळात कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायचं नाही, असा नियम सगळीकडेच असायचा. धुळीनं मशीन बिघडतं म्हणायचे. त्यामुळे जिन्याच्या वरच्या पायरीपाशी चपलांचा ढीग पडायचा. सर आले की आधी त्या ढिगापाशी उकिडवे बसायचे. जोड्या लावायचे, तोंडं बाहेर करून ओळीत ठेवायचे. माझ्या चपला उन्हात असल्या तर सावलीत सरकवायचे. आणि कोण आलं, कोण राहिलं, हे त्यांना चपलांवरूनच कळायचं. हजेरी घेताना त्यांनी पोरांच्या तोंडाकडे कधी पाहिल्याचं मला आठवत नाही.

"अंगठा शिवलेली काळी चप्पल दिसत नाही," असं म्हणत ते खिडकीपाशी जाऊन उभे राहायचे. तिथून एस.टी. स्टँडकडचा रस्ता दिसायचा. आत पोरं कीबोर्डवर हात ठेवून बसलेली, डोक्यावर पंखा गरगरतोय, आणि हे खिडकीत.

"सर, सुरू करा. अकराला लाईट जाईल."

"सगळे आले का?"

"सुनीता राहिलीये. तिची गाडी रोजच उशिरा येते."

"म्हणजे येईल."

सुनीता बेलापूरकडच्या एका वस्तीवरून यायची. धापा टाकत जिना चढायची. "सर, गाडीच लई लेट हुती वो. रस्त्यात उसाची ट्रॉली उलथली."

"बस. पाणी पी आधी."

मग शिकवणं सुरू व्हायचं. फळ्यावर दोन ओळी होतात न होतात तोच पंखा मंदावायचा, पडद्यांवरचा उजेड आत ओढल्यासारखा जायचा, आणि पोरं एका सुरात "गेलीऽऽ" म्हणायची. मी टेबलावर डस्टर आपटायचे. सर डस्टर उचलून जागेवर ठेवायचे.

मी माणसं पारखून घेते. ते मला कुणी शिकवलं नाही. सासरचं घर सोडून या गावात आले तेव्हा स्टेशनच्या फलाटावर पेरूची पाटी घेऊन बसत होते. गाडी दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात खिडकीतल्या माणसाला खरंच भूक आहे की नुसता टाइमपास करतोय, हे ओळखावं लागतं. पुढे लिलावातलं जुनं सामान घ्यायला लागले. पुण्यातल्या एका बंद पडलेल्या ऑफिसातले कॉम्प्युटर मी असे उचलले, की आपण काय दिलं हे विकणाऱ्याला मी टेम्पो भरून निघाल्यावर कळलं असेल. पहिल्या भावाला मी आयुष्यात कधी वस्तू घेतली नाही.

सर मात्र पहिल्या भावाला मिळाले, आणि तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. एका साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात ते होते. उसाच्या सगळ्या गाड्या आल्याशिवाय वजनाची यादी छापायला तयार नसायचे, म्हणून तिथून काढलं, असं लोक सांगायचे. मी पगाराचं विचारलं तर म्हणाले, "तुम्हाला परवडेल ते." मी मुद्दाम कमी सांगितलं. ते मान हलवून म्हणाले, "बरं." घासाघीस न करणाऱ्या माणसाची मला भीती वाटते. त्याला नक्की काय हवंय, याचा पत्ताच लागत नाही.

खाली चाचांची चहाची टपरी होती. चाचा वर चहा पाठवायचे. आपला ग्लास हातात आला तरी सर तो तोंडाला लावायचे नाहीत. सगळ्यांच्या हातात ग्लास दिसला पाहिजे. मी फोनवर कुणाशी तरी भांडत असले, तर माझा चहा टेबलावर आणि त्यांचा हातात, दोन्हींवर साय धरायची. मी फोन ठेवून ग्लास उचलला की मग ते बोटानं साय बाजूला करून प्यायचे.

"अहो, तुम्ही घ्या की. माझ्यासाठी कशाला थांबता?"

"थांबलो कुठे? गार होतोय तो."

राहुरीला काही कामाला पाठवलं तर हमखास उशीर. स्टँडवरची सगळी माणसं चढली की मग हे चढणार. आणि सगळी माणसं चढली की कंडक्टर घंटी मारणार. चाचा म्हणायचे, "मॅडम, सर गाडीनं जात न्हाईत. गाडीला पोचवायला जातात."

चर्चच्या मागच्या गल्लीत एका चाळीत ते एकटे राहायचे. चाळीतले सगळे घरी आल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे. त्या चाळीत रेल्वेतला एकजण रात्रपाळीला होता, तो सकाळी यायचा. मग सर झोपायचे कधी, हे तुम्हीच ठरवा. त्यांचे डोळे कायम चोखून टाकलेल्या कोयीसारखे. मी एकदा म्हटलं, "सर, तो परका माणूस. त्याच्यासाठी तुम्ही का जागता?" ते म्हणाले, "जागत नाही. झोप येत नाही, एवढंच." जणू या दोन गोष्टींत फार फरक होता.

कोपऱ्यातल्या सगळ्यात जुन्या मशीनवर त्यांनी एक घर केलं होतं.

आज मोबाईलमध्ये असले खेळ पोरांच्या हातात असतात, त्यामुळे सांगून नवल वाटणार नाही. पण तेव्हा आम्ही तसलं काही पाहिलं नव्हतं. पडद्यावर वरून दिसणारं घर: स्वयंपाकघर, माजघर, पडवी, अंगणात तुळस. आत पाच माणसं. आजी, मुलगा, सून, धाकटा दीर आणि एक नात. बोटाच्या पेराएवढी, डोकं गोल, अंग चौकोनी, प्रत्येकाच्या कपड्याचा रंग निराळा. त्यांना चालवावं लागत नसे. आपली आपण चालायची. भूक लागली की चुलीपाशी जायची, माठातलं पाणी संपलं की सून आडावर जायची, नात हरवली की आजी साऱ्या खोल्या फिरायची. चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात त्यांचा एक दिवस व्हायचा. आमच्या एका सकाळीत त्यांचा आठवडा निघून जायचा. हे सगळं सरांनी स्वतः लिहिलेलं.

आधी मी चिडले. म्हटलं, फुकट लाईट जाळता. पण बाजाराच्या दिवशी खताच्या दुकानात आलेले शेतकरी जिना चढून वर यायला लागले. बायकापोरांना घेऊन यायचे. चपला काढून आत यायचे आणि त्या मशीनसमोर उभे राहायचे. "अगं ती म्हातारी बघ, नातीला हुडकतीय." "सूनबाई लई कामाची हाय." एक आजीबाई तर पडद्यापुढे हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडून गेल्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माणसं ज्या गोष्टीसाठी जिना चढून येतात, ती गोष्ट विकली जाते. मी पुण्याच्या कॉम्प्युटर कंपन्यांना फोन फिरवायला सुरुवात केली.

आणि मला त्याची गरज होती. समोरच, रस्त्याच्या पलीकडे, नवा क्लास निघाला होता. काचेचं दार, थंड हवा, रंगीत माहितीपत्रकं. लाईट गेली की त्यांचा जनरेटर सुरू व्हायचा, त्याचा धूर माझ्या खिडकीतून आत यायचा. माझ्या पायरीवरच्या चपला कमी होऊ लागल्या होत्या. ते घर विकलं गेलं तर क्लास तगेल, नाही तर बंद पडेल, हे मला लख्ख दिसत होतं.

अडचण एकच होती. त्या घरात कुणी झोपत नव्हतं.

दिवस मावळायचा, पडद्यावर अंधार व्हायचा, जेवणं व्हायची, सून अंथरुणं घालायची. आणि मग पाचही जण आपापल्या अंथरुणापाशी उभे. तसेच. कोंबडा आरवायचा, उजाडायचं, अंथरुणं गुंडाळून पुन्हा कामाला. दोन-तीन दिवस असं झालं की त्यांची चाल मंदावायची. मग नात पडवीत मटकन बसायची. मग आजी कोसळायची. बहुतेक वेळा आजीच आधी. चुलीपाशी, नाही तर आडाच्या वाटेवर. एकदा पडली की उठायची नाही.

पुण्याचा माणूस बघायला येणार म्हटल्यावर मी म्हटलं, दुरुस्त करा. सर कामाला लागले. त्यांना वाटलं वाट अडली असेल. माजघरातलं कपाट हलवलं. झोपेना. अंथरुणांची दिशा चुकली असेल. पाय देव्हाऱ्याकडे होत होते, ते फिरवले. मग पाय दारातून येणाऱ्याकडे होऊ लागले, म्हणून पुन्हा फिरवले. कुणीतरी म्हणालं डोकं उत्तरेला आलंय. पडद्यावर उत्तर कुठली, यावर पोरांत मारामारी व्हायची वेळ आली. अंगणातला कुत्रा भुंकत असेल म्हणून कुत्रा काढला. चाचा ग्लास गोळा करायला वर आले होते. बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "सर, ढेकनं असतील. आमच्याकडं पन हायेत." सरांनी हसण्यावारी नेलं नाही. "अंथरुणात काही आहे का" हेसुद्धा त्यांनी तपासलं.

मग ते गावात विचारत सुटले. भाजीवाली, पोस्टमन, कापडाचा व्यापारी, जो भेटेल त्याला: "तुमच्या घरात आधी कोण झोपतं?" कापडवाला तावातावानं माझ्याकडे आला. "बाई, तुमच्या मास्तरला आवरा. माझ्या दुकानात, गिऱ्हाइकासमोर, माझ्या बायकोला विचारतो तुम्ही कधी झोपता! मी गज उगारला होता, वयाकडं बघून सोडलं."

"काय म्हणाल्या त्या?" सरांनी नंतर मला विचारलं.

"कोण?"

"त्यांच्या मंडळी. उत्तर देणार होत्या, तेवढ्यात ते ओरडले."

आजी पडली की सर सुतक पाळायचे. हे मी रचून सांगत नाहीये. दाढी करायचे नाहीत, गोड खायचे नाहीत, फळ्याला हात लावायचे नाहीत. पोरं बसलेली, समोरच्या क्लासचा जनरेटर धडधडतोय, आणि हा माणूस खुर्चीत हात बांधून बसलेला. पहिल्यांदा चाचा रीतसर भेटायला आले. टोपी सारखी करत म्हणाले, "सर, वाईट झालं. वय काय हुतं?" सर म्हणाले, "सत्तर धरलं होतं." चाचा मान हलवत खाली गेले, आणि जिन्यात त्यांना हसू आवरेना. मी मात्र हसले नाही. मी म्हटलं, "सर, मशीन बंद करून चालू केलं की म्हातारी पुन्हा उभी राहते ना?"

"राहते."

"मग सुतक कसलं?"

"ती दुसरी असते," ते म्हणाले.

मशीनमधलं मला काही कळत नव्हतं, पण माणसं बघायचं मला कळतं. एका दुपारी मी खुर्ची ओढून त्या पडद्यासमोर बसले. धान्याच्या मोंढ्यात लिलावाला बसतात तसं, कोण कुणाकडे बघतंय एवढंच पाहत. त्यांची रात्र झाली. अंथरुणं पडली. आजी वाकली, थांबली, सुनेकडे वळली. सून वाकली, थांबली, दिराकडे वळली. दीर भावाकडे. भाऊ आईकडे. नातसुद्धा वाकायची आणि सगळ्यांकडे पाहून सरळ व्हायची.

"सर," मी म्हटलं, "यांचं झोपेशी काही वाकडं नाही. हे एकमेकांसाठी थांबलेत. आधी तुम्ही, आधी तुम्ही चाललंय."

"हो," ते म्हणाले.

"हो काय? तुम्हाला माहीत होतं?"

"तसंच लिहिलंय. घरातलं शेवटचं माणूस पडल्याशिवाय आपण पडायचं नाही."

"हे कोणासाठी लिहिलंय?"

"सगळ्यांसाठी."

मला कपाळावर हात मारावासा वाटला. "अहो, मग एकाचं काढा. त्या पोरीचं काढा. लहान आहे, तिला काय कळतंय?"

"एकाचं निघत नाही. मशीन जुनं आहे, बाई. पाच मनं लिहायला त्यात जागा नाही. एकच मन लिहिलंय, ते पाचांना दिलंय. काढलं तर सगळ्यांचं जाईल."

"मग सगळ्यांचं काढा!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देव्हारा विकायला काढला होता. "मग ते घर राहणार नाही. लॉज होईल."

त्यांनी दुसरी युक्ती केली. घरात पाहुणा आणला. पाहुण्याला कुणी ताटकळत ठेवत नाही. त्याला आधी निजवतील, मग मागोमाग सगळे पडतील, असा हिशेब. पाहुणा आला. पाय धुतले, जेवला. अंथरूण त्याच्यासाठी सगळ्यात आधी घातलं. आणि तोही त्याच्यापाशी उभा राहिला. मन एकच होतं ना. आता पाचाऐवजी सहाजण रात्रभर एकमेकांना "आधी तुम्ही" करत उभे. पोरं हसून हसून लोळली. सुनीता म्हणाली, "सर, ह्यो आमच्या मामावानी हाय. त्यो बी असंच करतो. शेवटी आय त्याला दटावती."

सर मात्र हसले नाहीत. तीन दिवसांनी पाहुणासुद्धा पडवीत कोसळला, आणि त्यांनी परक्याच्या घरी मेलेल्या माणसाचं सुतक कुणी पाळायचं, हे मला विचारलं.

मी त्यांना सरळ सांगितलं. हे मला तेव्हाही बरोबर वाटलं आणि आजही वाटतं. त्या दिवशी क्लासला चारच चपलांचे जोड होते. सर खिडकीत उभे.

"सगळे आले का?"

"आलेत. हेच सगळे."

"निळ्या पट्ट्याच्या सँडल नाहीत. तो गोंधवणीहून येणारा..."

"तो समोर गेला, सर! ती निळी सँडल समोर आहे. पांढरे बूटही समोर आहेत. तुम्ही ज्यांची वाट बघता, ते सगळे त्या काचेच्या दारातून आत गेलेत आणि आता परत येणार नाहीत. हे जे चार बसलेत ना, हे तुमच्या वाट बघण्यामुळे जाणार आहेत." माझा आवाज खाली दुकानापर्यंत गेला असणार. "गुरुवारी पुण्याचा माणूस येतोय. त्याच्यासमोर ही माणसं झोपली पाहिजेत. काय काढायचं ते काढा. नाही झोपली तर क्लासला कुलूप. मग बसा खिडकीत."

घासाघीस नाही, काही नाही. "बरं," एवढंच म्हणाले. पगाराच्या वेळी म्हणाले होते तसंच.

गुरुवारी पुण्याचा माणूस आला. गोरा, गुबगुबीत, हातात चामड्याची बॅग. मी सकाळीच खोली धुऊन घेतली होती. चाचांना सांगितलं होतं, आलं घालून, दूध जास्त. सुदैवानं त्या दिवशी लाईटसुद्धा गेली नाही.

सरांनी मशीन सुरू केलं. घर उजळलं. आजी तुळशीपाशी, सून आडावर, नात पायात घुटमळतेय. पुण्याचे पाहुणे खूश. "वा! आपली माणसं आहेत ही. हे चालेल. शहरात गेलेल्यांना तर फार चालेल." दिवस कलला. जेवणं झाली. अंथरुणं पडली.

आजी वाकली आणि आडवी झाली. कुणाकडे पाहिलं नाही. मग दीर. मग भाऊ. नात जिथे होती तिथेच पडवीत झोपली. सून सगळ्यात शेवटी, तेही फक्त तिला भांडी घासायची होती म्हणून. दिवा विझला. पडद्यावर निळा अंधार आणि त्यात पाच आडवी माणसं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू? मी पाहुण्यांकडे वळले आणि लगेच भाव सांगितला. ते हसले, निम्मा बोलले. मी बॅगेकडे हात करून म्हटलं, "मग उचला बॅग, साडेबाराची गाडी मिळेल." ते वर सरकले. मी थोडी खाली आले. हे माझं रान होतं. दोघंही रंगात आलो होतो. चाचा चहा घेऊन आले.

"मॅडम," सुनीता हळूच म्हणाली, "कोंबडा आरडला."

पडद्यावर उजाडलं होतं. अंगणात ऊन आलं होतं. घरात पाचही जण आडवेच.

"उठतील," मी म्हटलं.

ऊन तुळशीवर आलं, तुळशीवरून सरकलं. चूल पेटली नाही. माठ रिकामा होता. संध्याकाळ झाली, दिवा लावायला कुणी उठलं नाही. पुन्हा रात्र. पुन्हा कोंबडा.

"हँग झालं का?" पाहुण्यांनी विचारलं.

"नाही," सर म्हणाले. "चालू आहे. ऊन बघा ना, हलतंय."

"मग ही माणसं का उठत नाहीत?"

"कशाला उठतील?" सर अगदी शांतपणे, शिकवताना बोलायचे तसं बोलले. "आजी उठायची ती नातीला गरम पाणी हवं म्हणून. सून उठायची ती आजी उठली म्हणून. भाऊ दोघी उठल्या म्हणून. सगळं त्या एकाच ओळीत होतं. ती ओळ काढली, म्हणून झोपले."

"त्यांना भूक नाही लागत?"

"लागते. पण आपल्या एकट्याच्या भुकेसाठी उठायचं, असं मी कुठे लिहिलंच नव्हतं. सुचलंच नाही."

पाहुण्यांनी एक घोट घेऊन ग्लास ठेवला. "दुरुस्त झालं की कळवा," म्हणाले. बॅग उचलली. चपला घालताना त्यांचा पाय लागून पायरीवरच्या दोन जोड्या खाली गडगडत गेल्या. सरांनी त्या उचलल्या नाहीत. मला ते तेव्हा जाणवलं नाही.

मी दार लावलं आणि सरांवर तुटून पडले.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"काल कळलं."

"मग मला सांगितलं का नाही? मी त्याला घरातला एकच दिवस दाखवून गुंडाळून पाठवला असता! सकाळ व्हायच्या आत मशीन बंद केलं असतं! एवढी अक्कल नव्हती?"

"तुम्ही झोपवायला सांगितलं होतं, बाई."

इतकी वर्षं झाली, मी याचं उत्तर शोधते आहे. मी झोपवायला सांगितलं होतं. मी ते घर मारायला सांगितलं नव्हतं. त्यांनी ते मुद्दाम केलं, असं माझं तेव्हा मत होतं आणि अजून आहे. माणूस भांडला असता, नाही म्हणाला असता, पगार वाढवून मागितला असता, तर मी वाट काढली असती. आयुष्यभर मी तेच केलं. पण जो नुसतं "बरं" म्हणतो, त्याच्याशी व्यवहार कसा करायचा?

मी म्हटलं, ती ओळ परत घाला. ते म्हणाले, घालतो. पण घातली नाही. मी रोज विचारायचे, ते रोज "बरं" म्हणायचे. कोपऱ्यातलं मशीन चालूच असायचं. त्यात ऊन यायचं, जायचं.

त्या गुरुवारच्या दुसऱ्याच दिवशी नऊच्या ठोक्याला फळ्यावर खडूचा आवाज आला. मी दचकून बाहेर आले. खिडकीत कुणी नव्हतं. सर शिकवत होते. सुनीता अर्ध्या तासानं पोचली, दारात उभी राहिली. "सर, गाडी..." तिनं सुरुवात केली. सर फळ्याकडेच पाहत म्हणाले, "मागचं कुणाकडून तरी घे." ती बसली, पण सबंध तास तिनं कीबोर्डला हात लावला नाही. लाईट जायच्या आत तास संपला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी ज्यासाठी घसा कोरडा केला होता, ते सगळं मिळालं होतं. पायरीपाशी चपलांचा ढीग जसाच्या तसा होता. सर त्याच्यावर पाय देऊन खाली उतरले.

चाळीतला रेल्वेचा माणूस एकदा खतं घ्यायला आला, तेव्हा म्हणाला, "तुमचे सर आता घोरतात."

सुनीतानं यायचं सोडलं. बाकीचेही गेले. महिना भरायच्या आत सरसुद्धा समोरच्या काचेच्या दारातून आत गेले. मला सांगितलं नाही. मला ते माझ्याच खिडकीतून दिसलं. तिथे त्यांना जे मिळत असेल त्यालाही ते "बरं" म्हणाले असणार. तिथे घंटा होती. घंटा झाली की ते शिकवायचे, घंटा झाली की थांबायचे. चांगलं शिकवतात म्हणे. तक्रारीला जागा नाही.

क्लास बंद केला. कॉम्प्युटर एकेक करून विकले, चांगल्या भावाला विकले. कोपऱ्यातलं ते मशीन राहुरीच्या एका दुकानदारानं घेतलं. "चालू आहे ना?" त्यानं विचारलं. मी पडद्याचं बटण दाबून दाखवलं. पडद्यावर भर दुपार होती. पाच माणसं झोपलेली. "हे काय आहे?" "काही नाही," मी म्हटलं, "पुसून टाका." त्या मशीनसाठी मी घासाघीस केली नाही.

माडी रिकामी करायच्या दिवशी किल्ली द्यायला खाली आले, तर चाचांच्या टपरीवर सर उभे होते. इस्त्रीचा शर्ट, डोळे स्वच्छ, गालावर थोडं मांस चढलेलं. मला पाहून त्यांनी मान हलवली. मी भांडायच्या तयारीनंच पुढे गेले. किती तरी दिवस मनात जुळवून ठेवलेलं बोलणं होतं. पण तोंडातून भलतंच आलं.

"सर, झोप लागते का?"

"हो. छान लागते."

चाचांनी त्यांच्या हातात ग्लास दिला. माझ्याकडे पाहून म्हणाले, "मॅडम, तुमचा देतो. दूध तापतंय, दोनच मिनिटं."

मी उभी राहिले. सरांनी ग्लासावर फुंकर मारली. रस्त्यापलीकडे घंटा झाली. त्यांनी घड्याळ पाहिलं, गरम चहा भराभर घोटला, ग्लास फळीवर ठेवला आणि रुमालानं तोंड पुसत रस्ता ओलांडून गेले.

माझा चहा आला, तेव्हा चाचांनी सरांचा ग्लास बादलीत बुडवलासुद्धा होता.